पोटदुखीचं वेळापत्रक

सकाळी १०.२०

शाळा पावणेअकराला भरते. मी आधीच येऊन गेटवरच्या मामांच्या खुर्चीशेजारी उभी राहते. नाशिकजवळच्या औद्योगिक वसाहतीतली ही अनुदानित माध्यमिक शाळा. मी इथल्या पटावर नाही. एका संस्थेतर्फे आठवड्यातले दोन दिवस समुपदेशक म्हणून येते. मुलं ताई म्हणतात, शिक्षक मॅडम म्हणतात, आणि मामा आल्यागेल्याला ‘डोक्याच्या डॉक्टर’ अशी ओळख करून देतात. मी डॉक्टर नाही हे त्यांना सांगून झालंय, पण त्यांना ती ओळख आवडते. (मुलांची ओळख पटू नये म्हणून इयत्ता आणि इतर तपशील इथे इकडचे तिकडे केले आहेत.)

गेटवर माझं लक्ष दोन प्रकारच्या मुलांकडे असतं. फार लवकर येणारी आणि घंटा होता होता धापा टाकत येणारी. नववीतला एक मुलगा दहाच्या आत हजर असतो. वर्ग उघडलेला नसतो, मावशी झाडत असतात, आणि हा पायरीवर दप्तर मांडीत घेऊन बसलेला. वर्गशिक्षिकांच्या मते तो ‘नियमित’. प्रत्यक्षात कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीपाशी साडेदहाला त्याच्याच वर्गातलं टोळकं जमतं, ते जमायच्या आत त्याला तिथून पार व्हायचं असतं.

आठवीतल्या एका मुलीचं उलट. ती बरोबर प्रार्थना सुरू होताना येते. उशिरा आलेल्यांना मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर वेगळं उभं करतात. ती तिथे निवांत उभी असते, कारण तिथे मोठी माणसं ये-जा करतात आणि वर्गाची रांग तिथून लांब असते. उशिराची शिक्षा तिला परवडते. तिच्या नावापुढे मात्र लाल शाईत ‘वारंवार विलंब’ असा शेरा पडलाय.

११.१५

परिपाठ झाला, पहिला तास सुरू झाला. शिक्षक खोलीत चहा. एक सर, मनाने चांगले, मुलांवर जीव असलेले, म्हणतात, “मॅडम, चिडवाचिडवी काय, आमच्या वेळीही होती. मला ‘बोंबील’ म्हणायचे. काही झालं का मला?”

यावर हसायचं की बोलायचं, हा रोजचा प्रश्न. आज बोलते. नॉर्वेमध्ये १९८२ साली तीन किशोरवयीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि त्यामागे शाळेतला छळ असावा असं समोर आलं. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने देशभर मोहीम काढली. त्या कामात पुढे असलेले डॅन ओल्विअस १९७०च्या दशकापासून हा विषय अभ्यासत होते. थट्टा कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो, याच्या त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा अजून वापरात आहेत. मुद्दाम केलेलं असतं, पुन्हा पुन्हा होतं, आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते.

तिसरी खूण आमच्या शाळेत कशी दिसते ते बघा. कुणाचे वडील कंपनीत पर्मनंट, कुणाचे ठेकेदाराकडे. कुणाच्या गल्लीत ‘दादा’ आहे, कुणाची खोली भाड्याची. धुळे-जळगावकडून आलेल्या मुलीच्या तोंडून घाईत अहिराणी निसटली, की मागच्या बाकावरून तिची नक्कल सुरू होते. सरांना ‘बोंबील’ म्हणणारे त्यांच्याच आळीतले होते, आणि सरही त्यांना काहीतरी म्हणत असणार. विचारलं तर म्हणाले, “म्हणजे काय! तो ‘भोपळ्या’ होता.” एकाच तागडीत होते दोघे.

आणखी एक गोष्ट चहाच्या कपाशी बोलायची नसते, तरी बोलते. काही नावं मुलांनी पाडलेली नसतात. फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाने एकदा गमतीने ‘ए पावशेर’ म्हटलं की ते नाव वर्गाला परवान्यासकट मिळतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेइतकंच मानसिक छळालाही बंदी घालतं. कलमाचा उल्लेख केला की खोलीत कप ठेवल्याचे आवाज वाढतात.

१२.१०

माझी ‘केबिन’ म्हणजे नकाशांची खोली. गुंडाळलेले जगाचे नकाशे, पाय मोडलेला हाडांचा सापळा, दोन खुर्च्या. तिच्या शेजारीच मावशींचा कट्टा आहे, आणि शाळेची खरी आरोग्यसेवा तिथे चालते. आठवीतला मुलगा पोट धरून येतो. मावशी त्याला ओवा आणि काळं मीठ देतात, बाकावर बसवतात, स्वतः शेजारी बसून मेथी निवडतात. पंधरा मिनिटांत तो बरा होतो. “नाटकं असतात नुसती,” असं वर्गात म्हणतात.

मी हजेरीपत्रक आणि वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवलं. पोटदुखी मंगळवारी आणि शुक्रवारी. त्या दोन दिवशी प्रयोगशाळेत जायचं असतं, चौघाचौघांचे गट करायचे असतात, आणि याला कुठलाच गट घेत नाही.

दुखणं खोटं नसतं. भीती वाटली की शरीर पळण्याच्या किंवा झुंजण्याच्या तयारीला लागतं, पचनाचं काम मागे ढकलतं, आतडी आखडतात. जियानलुका जिनी आणि तिझियाना पोझोली या इटलीतल्या दोन संशोधकांनी २००९ साली अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली. छळ सोसणाऱ्या मुलांमध्ये पोटदुखी, डोकेदुखी, झोप न लागणं अशा तक्रारींची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट आढळली. मावशींनी हा लेख वाचलेला नाही. पण कुणी प्रश्न न विचारता शेजारी बसलं की पोट सुटतं, हे त्यांना ठाऊक आहे. मी त्यांना एकच विनंती केली आहे: कोण कधी आलं ते कॅलेंडरच्या चौकटीत लिहून ठेवा. त्या दुधाच्या हिशेबाशेजारी लिहितात. ‘१ ली. गाय. आठवी अ, पोट.’

१२.५५

छोटी सुट्टी. दहा मिनिटं. माझ्या दृष्टीने शाळेतली सगळ्यात वाईट दहा मिनिटं हीच.

मुलांच्या स्वच्छतागृहात शिक्षक जात नाहीत, त्यांचं वेगळं आहे. दाराची कडी मोडलेली. बाहेरून दार धरून ठेवणं, वरून पाणी टाकणं, आत कुणी असताना ओरडून नाव घेणं, हे सगळं तिथे. त्यावर मुलांनी काढलेला उपाय सोपा आहे: पाणीच प्यायचं नाही. एका मुलाच्या आईने मला सांगितलं होतं, “मॅडम, बाटली जशीच्या तशी परत येते. उन्हाळ्यातसुद्धा.” तिला वाटत होतं मुलगा विसरतो. मी त्याची बाटली पाहिली. स्टीलची, झाकणावर नाव कोरलेलं, भांड्याच्या दुकानात कोरून देतात तसं. झाकणाची चकती कोरडी ठणठणीत. घरून निघाल्यापासून ते घरी पोचेपर्यंत सात तास. लघवीला जळजळ होते म्हणून मग डॉक्टरकडे नेलं, आणि डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर पी.

माझं एक म्हणणं आहे आणि ते मी प्रत्येक सभेत पुन्हा पुन्हा मांडते. मुलांच्या ज्या सवयी आपण खोडी म्हणून नोंदवतो, त्यांतल्या बऱ्याच सवयी हा त्यांनी स्वतःवर केलेला इलाज असतो. तो काढून घेण्याआधी दुखणं कुठे आहे ते बघावं. भरलेल्या बाटलीबद्दल मुलाला ओरडण्याआधी कडी बसवावी.

१.३०

नकाशांच्या खोलीत एकेकट्याने बोलायची वेळ. आज सातवीतून आठवीत आलेला, अंगाने जाड मुलगा. मी विचारते, “ते सुरू झालं की तू काय काय करतोस?” ‘तुला कसं वाटतं’ हा प्रश्न मी शेवटी ठेवते, त्याला मुलं ‘काही नाही’ म्हणतात. काय करतोस म्हटलं की उत्तरं येतात.

तो बोटं मोडत सांगतो. ऐकू येत नाही असं दाखवतो. मनात सतराचा पाढा म्हणतो, कारण सोळापर्यंतचे फार पटकन संपतात. “दादाला सांगीन,” म्हणतो.

“दादा कितवीला आहे?”

“मला दादा नाहीये, ताई.”

आणि शेवटचं: “ते म्हणायच्या आधी मीच म्हणतो, जाड्या आला, जाड्या आला, सरका. मग हसतात. हसले की हात लावत नाहीत.”

रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ च्या पुस्तकात ताण हाताळण्याचे दोन ढोबळ मार्ग सांगितले: अडचणीलाच हात घालणं, आणि अडचण हलत नसेल तेव्हा स्वतःच्या मनाला सावरणं. माणूस दोन्ही वापरतो, आणि परिस्थिती आपल्या हातात किती आहे हे जोखून वापरतो. हा बारा-तेरा वर्षांचा पोरगा दोन्ही वापरतोय. पाढा मन सावरण्यासाठी, खोटा दादा अडचण हटवण्यासाठी. पाढ्याचं मी तोंडभरून कौतुक करते. खरंच चांगली युक्ती आहे. डोकं आकड्यांत गुंतलं की चेहऱ्यावरचा राग-रडू दिसत नाही, आणि समोरच्याला हवी ती प्रतिक्रिया मिळत नाही.

स्वतःचीच थट्टा करणं याबद्दल मी सावध आहे. मोठी माणसं लगेच म्हणतात, स्वतःला असं बोलू नये. पण या थट्टेने त्याचा मार वाचवला आहे. किंमत अशी, की आता ते नाव त्याचंच झालं. आणि परवा घरी आजीने जेवायला हाक मारली तेव्हा तो ‘जाड्या आला’ म्हणाला. हे त्याने स्वतःच सांगितलं, हसत हसत. मी ‘बंद कर’ म्हणत नाही. सुट्टीत उभं राहायला दुसरी जागा आणि दुसरं माणूस मिळेपर्यंत ही युक्ती राहू दे, घरी मात्र नको, एवढंच ठरवतो.

घरचे दोन सल्ले सगळ्यांना मिळालेले असतात. आई म्हणते दुर्लक्ष कर, बाबा म्हणतात एक ठेवून दे. दुर्लक्ष एखाद्या वेळच्या टोमण्याला पुरतं. रोज दार धरून ठेवणाऱ्याकडे दुर्लक्ष कसं करणार? आणि ठेवून द्यायची ताकद असती तर त्यालाच निवडलं नसतं. वर पकडला जातो तो हाच, कारण त्याचं ठेवून देणं वर्गात सगळ्यांसमोर होतं.

एक गोष्ट मात्र या सगळ्यात बसत नाही. मूल हातावर ओरखडे काढत असेल, ‘मी नसलो तर बरं’ असं म्हणत असेल, तर ती युक्ती समजून वाट बघायची नाही. त्याच दिवशी पालकांशी बोलायचं, डॉक्टर गाठायचा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आणि मुलांसाठीचा १०९८ नकाशांच्या खोलीच्या दारावर आतल्या बाजूने लावलाय. आतल्या बाजूने अशासाठी, की बाहेर उभं राहून तो लिहून घ्यायचं धाडस कुणाला होणार?

तसंच तक्रारपेटीचं. पेटी आहे, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, कुलूपबंद, बरोबर सीसीटीव्हीच्या खाली. गेल्या वेळी उघडली तेव्हा चॉकलेटचा एक कागद आणि ‘खिचडीत मीठ जास्त असते’ अशी एक तक्रार निघाली. मुलांना विचारलं तर म्हणाली, “टाकताना दिसतं ना, ताई.”

२.१५

मोठी सुट्टी. आठवीपर्यंतची मुलं पोषण आहाराच्या रांगेत, बाकीचे डबे घेऊन झाडाखाली. डबा एकट्याने खाणं हे किशोरवयात काय असतं ते मोठं झाल्यावर विसरायला होतं. काही जण तिसऱ्या तासालाच बाकाखाली डबा संपवतात, म्हणजे सुट्टीत कुणाबरोबर बसायचं हा प्रश्न उरत नाही. ‘तासात खातो’ असा शेरा.

नववीतली एक मुलगी वाचनालयात जायची. तीन आठवड्यांपासून वाचनालय सुट्टीत बंद असतं. ग्रंथपालांची जागा रिकामी आहे, किल्ली लिपिकांकडे, आणि तेही जेवणारच ना. आता ती मराठीच्या बाईंच्या वह्या वर्गावर्गांतून गोळा करते. बाईंनी मुद्दाम दिलेलं काम आहे. हातात वह्यांचा गठ्ठा असलेल्या मुलीला कुणी अडवत नाही, आणि ती एकटी आहे असंही दिसत नाही. बाईंनी कुठलंही प्रशिक्षण घेतलेलं नाही. नंतर त्यांनी त्या कामाला दुसरी एक मुलगी जोडून दिली, “गठ्ठा जड होतो” म्हणून. तो काही जड होत नाही. आता दोघी जिन्यात थांबून बोलतात, आणि वह्या उशिरा पोचतात.

एक मैत्रीण. कॅनडातल्या मुलांवर झालेला १९९९ चा एक अभ्यास या बाबतीत नेहमी सांगितला जातो: ज्या मुलांना एक तरी जवळचा मित्र होता, त्यांच्यात छळामुळे वाढत जाणारं दुखणं तसं वाढत गेलं नाही. लोकप्रिय व्हायची गरज नसते. जिन्यात थांबणारं एक माणूस पुरतं.

आणि बघे? त्यांच्यावरचा अभ्यासही कॅनडातलाच. मैदानावर कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर मायक्रोफोन लावून केलेल्या निरीक्षणात दिसलं, की बरोबरीचं कुणी मध्ये पडलं तर निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के प्रसंगांत, छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. आमच्याकडे मुलांना ‘मध्ये पड’ म्हटलं तर मार खायची भीती. म्हणून मी ‘हाक मार’ म्हणते. “ए, तुला बाई बोलावतायत.” बाई बोलावत नसतात. छळणाऱ्याला विरोध झाला असं वाटत नाही, आणि ज्याला पकडलंय तो सुटतो. आठवी अ मध्ये हे इतकं चालतं, की मराठीच्या बाई विचारतात, मी एवढ्या मुलांना कशाला बोलावते?

३.१०

वर्गशिक्षिका वर्गात यादी वाचतायत. समाजकल्याणच्या शिष्यवृत्तीचे अर्ज. नावं वाचली जातात, मुलं उठून पुढे जातात, मागून कुणीतरी हळूच ‘फुकटे’ म्हणतं, आणखी काहीतरी म्हणतं जे इथे लिहीत नाही. एक मुलगी उठत नाही. “बाई, मला नकोय फॉर्म.” बाई वैतागतात, कागदपत्रं राहिली की वरून विचारणा त्यांनाच होते. हुशार मुलगी, आणि हक्काचे पैसे सोडते, असं त्यांचं म्हणणं.

हा सगळ्यात महागडा इलाज. उभं न राहण्यासाठी तिने वर्षाची शिष्यवृत्ती मोजली. याला समुपदेशन लागत नाही. यादी वर्गात वाचायची नाही, पालकांना कार्यालयात बोलावून अर्ज घ्यायचे, एवढं लागतं. ‘फुकटे’ म्हणणाऱ्यांशी वेगळं बोलणं लागतं, आणि तिथे ‘मुलं आहेत’ म्हणून सोडून द्यायचं नसतं, कारण हा शब्द त्यांनी घरून आणलेला असतो.

४.२०

खेळाचा तास. दोन कप्तान एकेक गडी निवडतात, आणि शेवटी दोन-तीन जण उरतात. खेळाच्या सरांनी या वर्षी ते बंद केलं. ओळीत उभं करून एक-दोन, एक-दोन मोजतात. त्यांना त्यात विशेष काही वाटत नाही, वेळ वाचतो म्हणाले.

५.२०

शाळा सुटली. सायकलींच्या शेडपाशी गर्दी. सकाळी दहाला येणारा मुलगा सगळ्यांत शेवटी निघतो. सायकल बघतो; मागच्या चाकात हवा नाही. व्हॉल्व काढून टाकलाय. तो कंपासपेटी उघडतो. कर्कटक आणि गुण्याच्या खाली व्हॉल्वची रबरी नळी, दोन-तीन तुकडे, दोऱ्याने बांधलेले. मामांच्या खोलीतून पंप आणतो. मामा काही विचारत नाहीत, पंप दाराशीच ठेवलेला असतो. पाच मिनिटांत सायकल तयार. सराईत हात. मी विचारलं, नळी कुठून आणलीस? “दुकानदाराने दिली. म्हणाला, रोज येतोस, घेऊनच जा.”

६.४५

घरून फोन. बाटलीवाल्या मुलाची आई. वडिलांची सेकंड शिफ्ट, त्यामुळे तिलाच बोलता येतं. मागे कुकरची शिट्टी.

“मॅडम, शाळा बदलू का? दाखला काढू?”

कधी कधी बदलावी लागते, तिला मी तसं सांगते. पण आधी मुलाला ‘का चिडवतात’ हे विचारू नका. त्याचं उत्तर त्याने द्यायचं नसतं. कुठे, कोणत्या वेळी, तेव्हा आजूबाजूला कोण असतं, हे विचारा. वहीच्या मागच्या पानावर तारीख घालून लिहा. शाळेत आलात की ‘माझ्या मुलाला त्रास देतात’ म्हणण्यापेक्षा ‘या तारखांना छोट्या सुट्टीत दार धरून ठेवलं’ म्हणा. पहिल्याला ‘बघतो’ हे उत्तर मिळतं. दुसऱ्याला सुतार बोलवावा लागतो.

रात्री ९.३०

वर्गाचा ग्रुप. शिक्षकांना न घेतलेला. जाड मुलाच्या आईने मला फोनवर एक स्टिकर दाखवलं: तो शिंकत असतानाचा फोटो, कापून, खाली नाव घालून. वर्गातलं कुणीही कुठल्याही बोलण्यावर तेच पाठवतं. अभ्यास विचारला तरी. तो एकदा ग्रुपमधून बाहेर पडला होता. दुसऱ्या दिवशी बाहेर पडल्याचीच थट्टा झाली. आता त्याने ग्रुप म्यूट करून खाली सरकवलाय आणि फोन आईच्या उशाशी ठेवतो. हे त्याने आपणहून केलंय. मी आईला एवढंच सांगितलं, की स्क्रीनशॉट काढून ठेवा, तारीख दिसेल असा, आणि फोन काढून घेऊ नका. फोन जाणार हे कळलं की पुढच्या वेळी तो दाखवणारच नाही.

मग मुख्याध्यापकांना पाठवायचं पत्र. कडीचा प्रश्न सुटला; सुतार शनिवारी येतोय. शिष्यवृत्तीचे अर्ज कार्यालयात घ्यायला हरकत नाही असं ते तोंडी म्हणालेत, ते लेखी हवं. वाचनालय मोठ्या सुट्टीत उघडं ठेवण्यावर अडलंय. पुस्तकं गेली तर जबाबदार कोण, असं त्यांनी विचारलं होतं. माझ्या दोन दिवसांपुरतं मी माझं नाव लिहिलं. उरलेल्या दिवसांसाठी मराठीच्या बाईंचं सुचवलंय, त्यांना न विचारता. सकाळी गेटवर आधी त्यांना गाठायला हवं. आणि छोट्या सुट्टीत मावशींनी स्वच्छतागृहांच्या बाहेर उभं राहावं हे लिहून खोडलं. त्यांच्याकडे आधीच दोन मजले आहेत. ती पाळी शिक्षकांनी वाटून घ्यावी असं लिहिलं, आणि पहिल्या आठवड्यासाठी ‘बोंबील’ सरांचं नाव घातलं.